कळणे आणि वळणे
(बडोदे संस्थानच्या इतिहासातील एका प्रसंगाच्या निमित्ताने)

श्रीमंती आली की माणसाला दुसऱ्याचे दुःख दिसेनासे होते, ही आपल्या समाजाची जुनी समजूत आहे. 'जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे' ही म्हण याच समजुतीची साक्ष देते. तिच्या अगदी उलट अशी दुसरी समजूतही तितकीच जुनी आहे. ज्याला पोटाची भ्रांत आहे त्याला दुसऱ्याचा विचार करण्यास सवड कोठली. दानत ही भरल्या घरातच वाढते, असे ती सांगते. कथाकीर्तनांतून आणि नीतिपाठांतून या दोन्ही समजुती सांगितल्या गेल्या आणि समाजाने प्रसंग पाहून कधी एकीला तर कधी दुसरीला मान डोलावली. संपत्ती आणि सामाजिक पायरी यांचा माणसाच्या परदुःखाच्या जाणिवेवर खरोखर परिणाम होतो काय, आणि होत असल्यास तो कोणत्या वाटेने होतो, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

अशा प्रश्नाचे सरसकट उत्तर इतिहासाजवळ नसते. त्याच्याजवळ प्रसंग असतात. एकाच शहरात, थोड्या दिवसांच्या अवधीत, राजापासून शिपायापर्यंत निरनिराळ्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या माणसांना एकाच माणसाचे दुःख समोर दिसले आणि प्रत्येकाने त्याला आपापल्या परीने उत्तर दिले, असा एखादा प्रसंग सापडला तर या प्रश्नावर काही प्रकाश पडू शकतो. १९१७ साली बडोद्यात असा प्रसंग घडला. तो समजून घ्यावयाचा तर आधी त्याच्या मागची चार दशके पाहावी लागतात.

कवळाण्याचा मुलगा

१८७५ साली इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाड यांना बडोद्याच्या गादीवरून दूर केले. त्यांच्या आधी गादीवर त्यांचे बंधू खंडेराव होते. खंडेरावांनी मोत्यांचा गालिचा तयार करविला होता. मल्हाररावांच्या कारकिर्दीत सोन्याच्या तोफा ओतल्या गेल्या. रयतेची स्थिती आणि जामदारखान्याची स्थिती यांचा एकमेकींशी काही संबंध असतो, ही जाणीव त्या काळच्या दरबारात फारशी दिसत नाही. जन्मतः ऐश्वर्यात वाढलेल्या माणसाची दृष्टी महालाच्या भिंतीपाशी अडते, या समजुतीला बडोद्याचा तो काळ पुरावा म्हणून सहज दाखविता येईल.

मल्हाररावांनंतर खंडेरावांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. गायकवाड घराण्याची एक दूरची शाखा नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कवळाणे या खेड्यात शेती करून राहत होती. त्या शाखेतील काशीराव गायकवाड यांचा मुलगा गोपाळराव निवडला गेला आणि २७ मे १८७५ रोजी तो सयाजीराव या नावाने दत्तक घेतला गेला. त्याचे वय तेव्हा अवघे बारा वर्षांचे होते आणि त्याला अक्षरओळखही नव्हती. 'येथे कशासाठी आलास?' असे विचारल्यावर त्याने 'राज्य करण्यासाठी' असे उत्तर दिले, ही आख्यायिका प्रसिद्धच आहे.

पुढे सयाजीरावांनी जे केले त्याचे श्रेय सामान्यतः कवळाण्याच्या मातीला दिले जाते. लहानपणी भाकरीची किंमत कळली म्हणून मोठेपणी रयत कळली, असे हे सरळ गणित मांडले जाते. ते थोडे तपासून पाहिले पाहिजे. गरिबीतून वर आलेला प्रत्येक माणूस गरिबांचा कैवारी होतो, असा अनुभव नाही. अनेकांना मागे टाकलेल्या दिवसांची लाज वाटते आणि त्या दिवसांची आठवण करून देणारी माणसेही नकोशी होतात. दत्तक आलेल्या मुलाभोवती तर मागचे सारे विसरावयास लावणारी व्यवस्थाच उभी केलेली असते. सयाजीरावांना इलियट यांच्यासारखे शिक्षक लाभले. दिवाण सर टी. माधवराव यांनी त्यांच्यासाठी राज्यकारभारावर खास व्याख्याने दिली. २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांना मुखत्यारी मिळाली. आणि १८९० साली लक्ष्मीविलास राजवाडा बांधून पूर्ण झाला. त्या काळच्या जगातील अतिधनाढ्य पुरुषांत त्यांची गणना होत असे. कवळाणे आणि लक्ष्मीविलास यांच्यामधील अंतर मैलांत मोजण्यासारखे नव्हते.

म्हणून बालपणीच्या गरिबीने त्यांना एक बीज दिले, एवढेच म्हणता येते. ते रुजवून वाढविण्याचे काम त्यांना मोठेपणी, आणि तेही जाणूनबुजून करावे लागले.

अंतर ओलांडण्याचे उपाय

राजा आणि शेतकरी यांच्यामध्ये बडोद्यातही अनेक माणसे उभी होती. गावचा पाटील, महालाचा वहिवाटदार, प्रांताचा सुभा, हुजूर कचेरीतील अधिकारी आणि दिवाण, अशा पायऱ्या चढत गावातील दुःख राजवाड्यापर्यंत पोहोचे, तोवर त्याचा कागद झालेला असे. संपत्तीचा माणसावर जो परिणाम होतो त्याचे मर्म बहुधा येथे आहे. संपत्ती माणसाला मुद्दाम निर्दय करीत नाही. ती त्याला दूर नेते. ज्याला आपले पाणी स्वतः भरावे लागत नाही, रांगेत उभे राहावे लागत नाही, औषधासाठी उसने मागावे लागत नाही, त्याच्या डोळ्यांसमोर दुसऱ्याची अडचण येतच नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात; दुरून दारिद्र्यही फारसे बोचत नाही.

सयाजीरावांना या अंतराची जाणीव होती, असे त्यांच्या वागण्यावरून दिसते. प्रांतांचे दौरे करून स्वतः पाहण्याचा त्यांचा प्रघात होता. १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळात, ज्याला गुजरातेत संवत् १९५६ वरून 'छप्पनियो' म्हणतात, त्यांनी दुष्काळग्रस्त मुलखाचा दौरा केला आणि त्या दौऱ्यातील त्यांची टिपणे १९०१ साली इंग्रजीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. राजाने दुष्काळ पाहून त्यावर स्वतः टिपणे लिहावी, ही गोष्ट त्या काळी सामान्य नव्हती.

परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबून चालत नाही. १८९१ च्या खानेसुमारीत बडोदे संस्थानची लोकसंख्या सुमारे २४ लाख १५ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे १९ लाख ५३ हजारांवर आली. दहा वर्षांत जवळजवळ पाचवा हिस्सा माणसे मृत्यूने वा परागंदा होऊन कमी झाली. त्या घटीचा फार मोठा वाटा या दुष्काळाचा होता. राजाच्या मनातील कणव खरी होती. तरीही मनातील कणव धान्याचे पोते होऊन वेळेवर वेशीपाशी पोहोचली नाही तर तिचा उपाशी माणसाला उपयोग नसतो. सहानुभूतीची व्यवस्था व्हावी लागते, हा या आकड्यांचा अर्थ आहे.

व्यवस्था उभारण्याचे सयाजीरावांचे प्रयत्न शिक्षणात सर्वांत ठळकपणे दिसतात. १८९३ साली अमरेली आणि आसपासच्या काही गावांत त्यांनी सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण प्रयोगादाखल सुरू केले आणि १९०६ साली ते सर्व संस्थानास लागू केले. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांच्यासमोर बडोद्याचे उदाहरण होते. गोखल्यांचे विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले. ब्रिटिश हिंदुस्थानला जे परवडत नाही असे सांगितले गेले, ते एका संस्थानात चालू होते.

या कायद्यालाही दुसरी बाजू होती. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंड होई. गुरे राखणारा मुलगा शाळेत गेला तर गुरे कोणी राखावयाची, हा प्रश्न श्रीमंताच्या घरी पडत नाही. त्यामुळे ज्यांच्या हितासाठी कायदा होता त्यांतील गरिबांनाच दंडाची झळ अधिक लागावयाची. वरून केलेल्या भल्या कामातही खालचे सारे दिसतेच असे नाही.

अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी बडोद्यात १८८० नंतरच्या पहिल्या वर्षांतच निराळ्या शाळा निघाल्या. त्यांना अंत्यज शाळा म्हणत. राजाचा हुकूम झाला, पैसे मंजूर झाले. शिक्षक मात्र मिळेनात. सवर्ण हिंदू शिक्षक त्या शाळांत शिकविण्यास तयार नसल्यामुळे मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे १९०८ साली पंजाबातून आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांना आणून या शाळांचे व वसतिगृहांचे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले. पंतोजीचा पगार तो काय असावयाचा! संस्थानातील सर्वांत श्रीमंत माणसाला जे करावेसे वाटले, ते करण्यास तुटपुंज्या पगाराचा पंतोजी राजी नव्हता. 'देणाऱ्याचे देते आणि कोठावळ्याचे पोट दुखते' ही म्हण अशा वेळी आठवते. मात्र पंतोजीचे पोट दुखत होते ते धान्यासाठी नव्हे. त्याच्या हाती धन नव्हते, सत्ता नव्हती. जातीची पायरी तेवढी होती. आपली म्हणून असलेली ती एकच शिल्लक त्याला गमवावयाची नव्हती.

साडेअकरा पौंड

या पार्श्वभूमीवर १९१७ चा प्रसंग पाहावयाचा आहे. त्याचा आरंभ मुंबईत होतो. चर्नी रोडच्या बागेत विल्सन हायस्कुलातील एक शिक्षक, कृष्णराव अर्जुन केळुसकर, वाचावयास येऊन बसत. तेथे एक शाळकरी मुलगाही पुस्तक घेऊन बसलेला त्यांना दिसे. केळुसकरांनी त्याची चौकशी केली, त्याला पुस्तके दिली. तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा भरलेल्या अभिनंदनाच्या सभेत केळुसकरांनी त्यांना आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. पुढे कॉलेजचा खर्च पेलेना, तेव्हा केळुसकरांनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि भीमरावांना दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळू लागली.

बी. ए. झाल्यावर १९१३ च्या आरंभी ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडिलांच्या अखेरच्या आजारामुळे त्यांना मुंबईस परतावे लागले. त्याच वर्षी महाराजांनी त्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार ४ जून १९१३ रोजी झाला.

येथवरच्या कथेत दोन माणसे पुढे येतात. एक जगातील मोजक्या श्रीमंतांपैकी राजा आणि दुसरा साधा शाळामास्तर. दोघांच्या संपत्तीत काही तुलनाच नाही. तरी एका होतकरू मुलाची अडचण दोघांनाही कळली आणि दोघांनीही आपापल्या ऐपतीप्रमाणे हात दिला. मास्तराच्या हाती पैसा नव्हता, ओळख होती. ती त्यांनी खर्च केली. परदुःखाची जाण श्रीमंताला नसते, ही समजूत येथे टिकत नाही, आणि ती केवळ श्रीमंताला परवडते, ही समजूतही टिकत नाही.

अकरा दिवस

ऑगस्ट १९१७ मध्ये आंबेडकर मुंबईस परतले. लंडनमधील शिक्षण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अर्धवट सोडावे लागले होते. कराराप्रमाणे ते सप्टेंबरमध्ये बडोद्यास गेले. अमेरिका व इंग्लंड येथील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. बडोद्याच्या स्टेशनवर उतरताच ती परत आली. प्रश्न साधा होता : राहावयाचे कोठे?

हिंदू खाणावळीत जागा मिळणार नव्हती. एका पारशी धर्मशाळेत ते गेले. तेथे फक्त पारश्यांना जागा मिळे, म्हणून पारशी नाव नोंदवून राहण्याची तडजोड झाली. वरच्या मजल्यावरची खोली आणि अडगळीने भरलेले काळोखे दालन, अशा जागेत ते एकटे राहू लागले. कचेरीतही निराळे नव्हते. शिपाई त्यांच्या टेबलावर कागदपत्रे दुरून टाकीत आणि पिण्याचे पाणीही त्यांना सहज मिळत नसे, असे त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविले आहे. त्यांच्या पदव्या त्या कचेरीतील बहुतेकांपेक्षा मोठ्या होत्या, हुद्दा शिपायाहून कितीतरी वरचा होता. तरी शिपायाच्या मनातील पायऱ्यांचा हिशेब पदवीवरून वा पगारावरून होत नव्हता.

अकराव्या दिवशी हाती काठ्या घेतलेले दहाबारा पारशी त्या धर्मशाळेत चढून आले. धर्मशाळा बाटविल्याचा जाब विचारून त्यांनी संध्याकाळपर्यंत निघून जाण्यास फर्मावले. सरकारी बंगला मिळावा म्हणून केलेला अर्ज कचेरीतून फिरतच होता. आंबेडकरांचे दोन मित्र बडोद्यात होते, एक हिंदू व एक ख्रिस्ती. हिंदू मित्राला वाईट वाटले. पण तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील, असे तो म्हणाला. ख्रिस्ती मित्राने पत्नीला विचारावे लागेल असे सांगितले. ती दोघे मूळची ब्राह्मण होती आणि पत्नीचे जुने वळण सुटलेले नव्हते. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले तास आंबेडकरांनी कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजी बागेत, बसून काढले आणि रात्रीच्या गाडीने ते बडोदे सोडून गेले.

सुमारे अठरा वर्षांनी त्यांनी ही हकीकत लिहून ठेवली. ती त्यांच्या निधनानंतर, १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाली. इतक्या वर्षांनीही तो दिवस आठवला की डोळ्यांत पाणी येते, असे त्यांनी तीत म्हटले आहे. बडोद्यातील ती जागा आज 'संकल्पभूमी' म्हणून ओळखली जाते.

कोणाला कळले, कोणाला वळले

या अकरा दिवसांत निरनिराळ्या पायऱ्यांवरची माणसे दिसतात. सर्वांत वर महाराज आहेत. नव्या अधिकाऱ्याला नीट उतरवून घ्यावे, अशी त्यांची आज्ञा होती; स्टेशनवर प्रत्यक्षात कोणी आले नाही. पुढे आंबेडकरांची तक्रार त्यांच्यापर्यंत गेली, ती त्यांनी दिवाण मनुभाई मेहता यांच्याकडे पाठविली आणि दिवाणांनी असमर्थता प्रकट केली, असे कीर सांगतात. त्याखाली कचेरीतील कारकून, त्याखाली शिपाई. बाहेर धर्मशाळेची मंडळी, आणि या सर्वांहून निराळे असे ते दोन मित्र.

संपत्ती जसजशी कमी होत जाते तसतशी सहानुभूती वाढत गेली, असे येथे दिसत नाही. उलटही म्हणता येत नाही, कारण सर्वांत वरच्या माणसाची सहानुभूतीही त्या दिवशी कामास आली नाही. या प्रसंगाने शिकविलेली गोष्ट वेगळी आहे. श्रीमंताला दुःख कळत नसेल तर त्याचे कारण बहुधा लांबचे अंतर असते. पायरीवरच्या सामान्य माणसाला ते कळूनही वळत नसेल तर त्याचे कारण जवळचे अंतर असते. राजाला अस्पृश्य माणसाजवळ बसून काही गमवावयाचे नव्हते. त्याचे राजेपण कोणी काढून घेणार नव्हते. शिपायाला, पंतोजीला, त्या मित्रांना मात्र गमवावयाचे होते. नोकर जातील, जात वाळीत टाकील, उद्या मुलीचे लग्न अडेल, ही भीती खोटी नव्हती. आपल्या खाली एक तरी पायरी आहे, एवढाच ज्याचा आधार, तो ती पायरी जिवापाड जपतो. हे समजून घेणे म्हणजे त्याचे समर्थन करणे नव्हे. त्या मित्रांना वाईट वाटले होते. पण वाईट वाटून झाल्यावर दार उघडावे लागते, आणि दार उघडण्याची किंमत देण्यास दोघांपैकी कोणी तयार झाले नाही.

महाराजांकडेही याच मापाने पाहिले पाहिजे. त्यांनी दिलेली शिष्यवृत्ती नसती तर पुढचा इतिहास निराळा झाला असता, हे निर्विवाद आहे. परंतु त्यांची सहानुभूती हुकमाच्या रूपाने खाली उतरत होती आणि हुकूम प्रत्येक पायरीवर थोडा थोडा झिजत होता. राजवाड्याच्या आवारात शेकडो खोल्या होत्या. त्यांतील एकीची किल्ली त्या अकरा दिवसांत त्या तरुणापर्यंत पोहोचली नाही. मार्च १९१८ मध्ये, म्हणजे या प्रसंगानंतर जेमतेम सहा महिन्यांनी, मुंबईत अस्पृश्यतानिवारणासाठी अखिल भारतीय परिषद भरली आणि तिचे अध्यक्षपद सयाजीरावांनी भूषविले. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. विचारावयाचा प्रश्न इतकाच, की व्यासपीठावरून मुंबईत पोहोचलेली गोष्ट स्वतःच्या राजधानीतील कचेरीपर्यंत का पोहोचू शकली नाही.

याच सुमारास कोल्हापुरात घडलेली गोष्ट येथे ताडून पाहण्यासारखी आहे. शाहू छत्रपतीही खेड्याजवळच्या घराण्यातून दत्तक आले होते. वेदोक्त प्रकरणात राजा असूनही पुरोहिताकडून हीन लेखले जाण्याचा अनुभव त्यांनी घेतला होता. तसा तो त्याआधी सयाजीरावांनीही बडोद्यात घेतला होता. संपत्तीच्या शिखरावरील माणसालाही जातीची पायरी कशी बोचते, हे दोघांना स्वतःवरून ठाऊक होते. कोल्हापुरात गंगाराम कांबळे या अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाला पाण्याला स्पर्श केला म्हणून मार बसला, तेव्हा शाहूंनी त्याला चहाचे दुकान काढून दिले. सवर्ण गिऱ्हाईक त्या दुकानात फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही तो घ्यावा लागला. चहाच्या एका पेल्याची किंमत ती काय! पण राजाने स्वतः तो पेला तोंडाला लावल्यामुळे मधल्या पायऱ्यांवरील माणसांना पळवाट उरली नाही. आंबेडकरांना भेटावयास शाहू स्वतः परळच्या चाळीत गेले आणि मार्च १९२० च्या माणगाव परिषदेत त्यांच्या शेजारी बसले.

दोन्ही राजांची मोठी कामे आपापल्या जागी मोठीच आहेत. बडोद्याच्या शाळा आणि ग्रंथालये टिकली, ती सयाजीरावांनी कणवेला कायद्याचे आणि संस्थेचे रूप दिले म्हणून. फरक एवढाच दिसतो, की संस्था आणि हुकूम यांनी लांबचे अंतर तोडता येते. जवळचे अंतर तोडण्यास माणसाला स्वतः उठून जावे लागते.

ग्रंथालयाचा उंबरठा

एका ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने हा प्रसंग आठवण्याचे कारण उघड आहे. १९१० साली सयाजीरावांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणण्याचे काम सुरू केले. महाराजांच्या खासगी संग्रहातील सुमारे वीस हजार ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयाच्या पायाशी घातले गेले. फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या खेड्यांत जाऊ लागल्या. १९१२ पासून इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत ग्रंथालयविषयक नियतकालिक निघू लागले. त्याआधीच, १९०६ पासून, मोतीभाई अमीन या शिक्षकाने चरोतर भागात मित्रमंडळांच्या रूपाने गावोगाव वाचनालये काढण्यास प्रारंभ केला होता. येथेही राजा आणि मास्तर असे दोघे दिसतात.

परदुःखाची जाण वाढविण्याचे ग्रंथालयाइतके स्वस्त साधन दुसरे नाही. ज्याच्या वंशाला जाता येत नाही त्याच्या घरात पुस्तकाच्या वाटेने डोकावता येते. चर्नी रोडच्या बागेत केळुसकर आणि भीमराव यांना एका बाकापाशी आणले ते पुस्तकाने. त्यांपैकी धाकट्याला पुढे दहा वर्षांनी बडोद्याच्या बागेत एकटे बसावे लागले, तेव्हा त्याच्याजवळ जगातील उत्तम ग्रंथालयांतून मिळविलेले ज्ञान होते. त्याला बाहेर काढणाऱ्यांतही शिकलेली माणसे असतील. वाचनाने कळते, वळते असे खात्रीने सांगता येत नाही.

तरीही काळ काही अंतरे तोडतो, याचा दाखला याच कथेत आहे. ज्या दिवाणांनी १९१७ मध्ये असमर्थता प्रकट केली, त्यांच्या कन्या हंसा मेहता. १९२४ साली त्यांनी जातीबाहेर डॉ. जीवराज मेहता यांच्याशी विवाह केला. पुढे संविधान सभेत त्या डॉ. आंबेडकरांच्या सहकारी सदस्य होत्या. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल अशा शब्दांच्या जागी 'सर्व माणसे' असे शब्द यावेत, हा आग्रह त्यांचा होता. १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या त्या पहिल्या कुलगुरू झाल्या. एकाच घरात, एका पिढीच्या अंतराने, असमर्थता आणि आग्रह या दोन्ही गोष्टी जन्मू शकतात. घर तेच होते, सुस्थिती तीच होती. म्हणून श्रीमंती वा पायरी माणसाचे मन कायमचे ठरवून टाकते, असे म्हणण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी माणसांनी जी ग्रंथालये उभारली, त्यांना राजांनी, सरदारांनी आणि श्रीमंतांनी देणग्या दिल्या. त्यांची नावे भिंतीवरील संगमरवरी पाट्यांवर कोरलेली असतात आणि ती असावीत. पण ग्रंथालय चालते ते देवघेवीच्या टेबलामागे बसलेल्या माणसावर. फाटक्या चपलांनी आलेला मुलगा दारात घुटमळतो, तेव्हा देणगीदार तेथे नसतो. 'ये, बस, काय वाचतोस?' असे त्याला विचारले जाते की नाही, हे त्या टेबलावर ठरते. शंभर वर्षांच्या संस्थेने आपल्या दप्तरात देणग्यांची नोंद ठेवली असेल, ग्रंथांची ठेवली असेल. दारातून परत गेलेल्यांची नोंद कोणत्याच दप्तरात नसते. दुसऱ्या शतकात पाऊल टाकताना तिने आपला हिशेब तपासावयाचा तो त्या उंबरठ्यापाशी.